प्रॉडक्शनवरून क्यूए रिफ्रेश: रिस्टोअरच्या आधी नेमकं काय काय करायचं?

तिसरी_पाळी विचारते:

नमस्कार मंडळी,

आमची एस/४हानाची (कंपनीचा कारभार चालवणारं एसएपीचं सॉफ्टवेअर) नेहमीची तीन सिस्टिमची रचना आहे: डेव्ह (प्रोग्राम लिहायला), क्यूए (टेस्टिंगला) आणि प्रॉडक्शन (खरं कामकाज). क्यूए शेवटची रिफ्रेश झाली त्याला दोन वर्षं उलटून गेली. आता टेस्टिंगवाले चूक दाखवतात, डेव्हलपर म्हणतो "तुमचा डेटाच शिळा आहे", आणि पंचाईत अशी की दोघांचंही बरोबर असतं. म्हणून पुढच्या मोठ्या रिलीजच्या आधी प्रॉडक्शनचा बॅकअप क्यूएवर चढवायचा (रिस्टोअर), असं एकदाचं ठरलंय.

मी मूळची एबॅपवाली, म्हणजे एसएपीचे प्रोग्राम लिहिणारी. बेसिसचं, म्हणजे सिस्टिम सांभाळायचं, काम माझ्याकडे आलं ते आधीचे सर दुसऱ्या विभागात गेले म्हणून. जाताना त्यांनी एक एक्सेल दिली आणि ती खरोखर चांगली आहे. फक्त एक गोष्ट डाचते. रिस्टोअरनंतरच्या कामांच्या साठेक ओळी आहेत, आणि आधीच्या फक्त चार: बॅकअप तपासा, डिस्कवर जागा बघा, युजरना मेल टाका, लायसन्स उतरवून ठेवा. एवढंच असतं का हो?

क्यूएला काय काय जोडलंय ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. टेस्टचं बीडब्ल्यू (रिपोर्टिंगची सिस्टिम), एक मिडलवेअर (सिस्टिमांमध्ये निरोप पोचवणारं), गोदामाची वेगळी सिस्टिम, बँकेच्या टेस्ट सर्व्हरकडे जाणारी पेमेंटची फाइल, आणि ईमेल. प्रॉडक्शनला हेच सगळं जोडलंय, फक्त तिथलं खरं आहे. म्हणजे रिस्टोअर झाल्यावर क्यूएच्या पोटात सगळे पत्ते प्रॉडक्शनचे असणार. ती पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा कुणाकुणाशी बोलायला जाईल, हा विचार मनातून जात नाही.

जॉबचंही तेच. प्रॉडक्शनमध्ये कितीतरी जॉब (मागे आपोआप चालणारी कामं) दर पाच मिनिटांनी सुटतात. एक्सेलमध्ये "एसएम३७ मधून जॉब थांबवा" (एसएम३७ हा एसएपीतल्या जॉबच्या स्क्रीनचा कोड) ही ओळ रिस्टोअरनंतरच्या यादीत विसावी आहे. तिथवर पोचेस्तोवर पाच मिनिटं केव्हाच होऊन गेलेली असतील!

आणि तिसरं म्हणजे पगार. एचआरही आमच्याकडे याच सिस्टिममध्ये आहे आणि क्यूएत बाहेरच्या सल्लागारांना बऱ्यापैकी मोकळे अधिकार दिलेत.

प्रोजेक्ट मॅनेजरांचं म्हणणं, "कॉपीच तर मारायचीय, शुक्रवारी रात्री सुरू करा, सोमवारी सकाळी द्या." सोमवार जमेल की नाही हे मला आत्ता सांगता येत नाही, आणि का सांगता येत नाही हेही त्यांना नीट पटवता येत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

उत्तररात्र_बेसिस लिहितात:

ताई, विसाव्या ओळीवर तुमचं बोट बरोबर पडलंय. रिस्टोअर झालेली सिस्टिम म्हणजे प्रवासात दचकून उठलेला माणूस; आपण घरातच आहोत असं समजून तो नेहमीच्या कामाला लागतो. ती चालू झाल्यावर तिला आवरत बसण्यापेक्षा बंद असतानाच तिचे हातपाय बांधायचे. मी तरी तयारीची सुरुवात इथूनच करतो; लायसन्स वगैरे मागाहून.

तीन गोष्टी डेटाबेसच्या बाहेर असतात, म्हणून रिस्टोअरने त्या पुसल्या जात नाहीत. आपली सगळी मदार त्यांच्यावर.

पहिली, नेटवर्क. क्यूएच्या सर्व्हरवरून प्रॉडक्शनच्या कुठल्याही पत्त्याकडे काहीच जाऊ नये, असा नियम फायरवॉलवर लावून घ्या. मेल सर्व्हर, प्रिंट सर्व्हर, बँकेकडे जाणारी फाइल जिथे पडते तो सर्व्हर, सगळं त्यात धरा. नेटवर्कवाल्यांना ही विनंती दोन आठवडे आधी द्या, कारण त्यांची मंजुरीची वाट तुमच्या रिस्टोअरपेक्षा लांब असते. खरं तर हा नियम कायमचा असायला हवा. क्यूएला प्रॉडक्शनशी बोलण्याचं कामच काय? काहीजण सर्व्हरच्या होस्ट फाइलमध्ये प्रॉडक्शनची नावं १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच सर्व्हरकडे, वळवतात. जोडीला करा, पण एवढ्यावर विसंबू नका. एसएम५९ मध्ये (बाहेरच्या सिस्टिमांच्या जोडण्या असतात तिथे) कुणी नावाऐवजी थेट आयपी टाकून ठेवलेला असतो आणि तो होस्ट फाइलला विचारत नाही.

दुसरी, प्रोफाइल. इन्स्टन्स प्रोफाइल ही ऑपरेटिंग सिस्टिमवरची फाइल असते. त्यात rdisp वाल्या पॅरामीटरपैकी बॅकग्राउंड वर्क प्रोसेसची संख्या शून्य करून ठेवा, आणि ती प्रत्येक अॅप्लिकेशन सर्व्हरवर. एक सर्व्हर विसरलात तरी सगळे जॉब त्याच्यावर जाऊन पडतील. प्रोसेसच नसेल तर जॉब कितीही रिलीज्ड (चालायला सोडलेला) असला तरी चालणार कशावर? सिस्टिम अशीच उठवायची, लॉगिन करायचं आणि बीटीसीटीआरएनएस१ हा रिपोर्ट चालवायचा. तो सगळे रिलीज्ड जॉब स्थगित करतो. त्यानंतरच बॅकग्राउंड प्रोसेस परत द्यायच्या, कारण पुढे बीडीएलएसला (डेटातली लॉजिकल सिस्टिमची, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या ओळखीची, नावं बदलणारं साधन) त्या लागतात.

याचा उलटा रिपोर्ट बीटीसीटीआरएनएस२. तो घाईने चालवू नका, तो सगळंच्या सगळं परत सोडतो. आधी नको असलेले जॉब काढून टाका. आणि तुमची एस/४हाना आहे, म्हणजे काही स्टँडर्ड जॉब एसजॉबरेपोमधून सिस्टिम स्वतःच लावते. नंतर "हा जॉब मी लावलाच नव्हता" असं कुणी म्हटलं तर तिथे बघा.

तिसरी, ट्रान्सपोर्ट डिरेक्टरी, म्हणजे एका सिस्टिममधून दुसरीत न्यायच्या फाइलींचं फोल्डर. जे वाचवायचं ते एक्सपोर्ट करून इथे ठेवलं की सुरक्षित.

आता वाचवायचं काय? युजर आणि त्यांचे अधिकार सर्वांत आधी. प्रॉडक्शनमध्ये टेस्टरना काहीच अधिकार नसतात आणि डेव्हलपर तर तिथे नसतातच. एससीसी८ मधून एसएपी_यूझर प्रोफाइलने एक्सपोर्ट घ्या, रिफ्रेशनंतर तो इम्पोर्ट करा आणि एससीसी७ चालवा. मग एसएम५९ चे डेस्टिनेशन, डब्ल्यूई२० चे पार्टनर प्रोफाइल, डब्ल्यूई२१ चे पोर्ट, बीडी५४ ची लॉजिकल सिस्टिमची नावं, एससीसी४ ची सेटिंग, एसपॅडमधले प्रिंटर, एसकॉटचं मेल नोड, आरझेड०४ चे ऑपरेशन मोड, एसएमएलजी आणि आरझेड१२ चे ग्रुप, फाइल ट्रान्झॅक्शनमधले लॉजिकल पाथ.

एसट्रस्ट (सर्टिफिकेटांचा स्क्रीन) लोक हमखास विसरतात. सर्टिफिकेट आणि त्यांच्या खासगी किल्ल्या डेटाबेसमध्ये असतात. म्हणजे रिस्टोअरनंतर क्यूएच्या हातात प्रॉडक्शनची ओळखपत्रं येतात आणि क्यूएची स्वतःची नाहीशी होतात. पीएसई (किल्ली आणि सर्टिफिकेट ठेवलेली फाइल) आधी एक्सपोर्ट करून ठेवा, नंतर बदला.

तुमच्या लोकांनी बनवलेली झेड टेबलं मात्र कुठल्याच तयार यादीत सापडणार नाहीत. कुणीतरी यूआरएल, फाइल पाथ, ईमेल पत्ते झेड टेबलात किंवा टीव्हीएआरव्हीसीत (प्रोग्रामना लागणारी ठरलेली माहिती ठेवायचं टेबल) ठेवलेले असतात. तुम्ही एबॅपवाल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर सापडेल. कोडमध्ये आणि टेबलांत "एचटीटीपी" आणि प्रॉडक्शनच्या होस्टची नावं शोधा.

पासवर्डचं वेगळं सांगतो. एसएम५९ मध्ये साठवलेले पासवर्ड सिक्युअर स्टोअरमध्ये असतात, आणि तिथली नोंद सिस्टिमच्या ओळखीशी बांधलेली असते. एसआयडी (सिस्टिमचं तीन अक्षरी नाव) बदलला की त्या नोंदी वाचता येत नाहीत. सेकस्टोअर उघडलंत तर लाल दिसतील. यावरून काहीजण म्हणतात, मग धोका कुठे राहिला? पण सगळ्याच जोडण्या पासवर्डवर चालत नाहीत. मेल, प्रिंटर, फाइल या सगळ्यांना पासवर्ड कुठे लागतो? तुमच्या कामाचं एवढंच की क्यूएचे सगळे पासवर्ड हाताशी ठेवून बसायचं, कारण ते परत टाकायची वेळ येते आणि ती पहाटेची असते.

हानाबद्दल, म्हणजे खालच्या डेटाबेसबद्दल, थोडक्यात. क्यूएच्या हानाची आवृत्ती प्रॉडक्शनइतकी किंवा त्याहून नवी हवी, जुनी चालत नाही. टेनंट (हानातला आपला डेटाबेस) रिकव्हर झाल्यावर त्याच्या सिस्टिम युजरचा पासवर्ड आणि स्कीमाच्या (एसएपीची टेबलं असलेल्या भागाच्या) युजरचा पासवर्ड दोन्ही प्रॉडक्शनचे असतात. टेनंटच्या सिस्टिम युजरचा पासवर्ड टेनंट बंद ठेवून सिस्टिमडीबीमधून (हानाचा व्यवस्थापनाचा डेटाबेस) बदलता येतो, म्हणजे प्रॉडक्शनचा पासवर्ड मागत फिरायला नको. मग स्कीमाच्या युजरचा बदला आणि अॅप्लिकेशन सर्व्हरवरच्या एचडीबीयूझरस्टोअरमधल्या (डेटाबेसचे पासवर्ड ठेवायची जागा) डिफॉल्ट कीशी जुळवा. जुळला नाही तर सिस्टिम उठतच नाही, आणि अर्धी रात्र लोक भलतीकडेच शोधत बसतात.

---

एमएम_एसडी_काका लिहितात:

वरचं उत्तर उत्तम आहे, पण सगळं बेसिसच्या बाजूचं झालं. फंक्शनल बाजूने दोन-तीन गोष्टी.

क्यूएत गेलेले पण प्रॉडक्शनमध्ये न गेलेले ट्रान्सपोर्ट (डेव्हमधून पुढे पाठवलेले बदल) रिफ्रेशने गायब होतात. त्यांची यादी म्हणजे ढोबळमानाने प्रॉडक्शनची इम्पोर्ट रांग. ती रांग रिफ्रेशच्या आधी एक्सेलमध्ये उतरवून घ्या, क्रमासकट. नंतर त्याच क्रमाने क्यूएत परत चढवा. आणि दोन वर्षं रिफ्रेश झाला नाही म्हणता, तर त्या रांगेत कुणी वाली नसलेले ट्रान्सपोर्ट पडलेले असणारच. कुणाचं काम होतं, माहीत नाही. जायचं की नाही, माहीत नाही. त्यांचा निकाल आधी लावा. रविवारी रात्री तीन वाजता मालक शोधून मिळत नाहीत.

टेस्टरना "रिफ्रेश आहे" एवढंच कळवू नका. त्यांनी महिनोन्‌महिने खपून घडवलेल्या खास केस असतात: अर्धवट डिलिव्हरी झालेली ऑर्डर, अडकलेलं इन्व्हॉइस, मागच्या तारखेचा करार. हे सगळं जाणार. कुठल्या केस लागतात आणि त्या परत कशा घडवायच्या, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि कुठल्या टेस्टचक्राच्या मधोमध रिफ्रेश येत नाहीये ना, हे तारीख ठरायच्या आधी विचारा.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. तुमचं टेस्टचं बीडब्ल्यू आणि गोदामाची टेस्ट सिस्टिम पण त्याच वेळी रिफ्रेश होणार आहेत का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. होत नसतील तर असं होतं: क्यूएचे नंबर रेंज (कागदपत्रांना पुढचा नंबर देणाऱ्या मालिका) आता प्रॉडक्शनचे. गोदामाच्या टेस्ट सिस्टिममध्ये मात्र जुन्या क्यूएने पाठवलेले डिलिव्हरी नंबर आहेत. नवी क्यूए एखादा नंबर देते, तो तिकडे आधीच दुसऱ्याच मालासाठी वापरलेला असतो. निरोप नाकारला जातो आणि दिसतं असं की इंटरफेस बिघडला. यावर लोकांनी आठवडे घालवलेले पाहिलेत, आणि इंटरफेस शेवटपर्यंत ठीकच होता.

बीडब्ल्यूचं तर डेल्टा (फक्त नवे बदल नेण्याची सोय) तुटणारच. सोर्स सिस्टिमची जोडणी परत करा, डेल्टा नव्याने इनिशियलाइज करा, आणि त्याला वेळ धरा. हे बीडब्ल्यूच्या माणसाला आजच सांगा, रिफ्रेश झाल्यावर सांगितलंत तर रागावेल. आणि रागावणं रास्त असेल.

---

तिसरी_पाळी लिहिते:

दोघांचेही मनापासून आभार. काका, गोदामाची सिस्टिम रिफ्रेश होणार नाहीये, ती दुसऱ्या टीमकडे आहे. आज त्यांना विचारलं तर म्हणाले "आमचं काही बदलत नाही ना, मग आम्हाला कशाला विचारता?" त्यांना आता तुमचा परिच्छेद जसाच्या तसा पाठवते.

प्रॉडक्शनची इम्पोर्ट रांग काढली. त्यात एक ट्रान्सपोर्ट माझ्याच नावावर आहे, तोही मला नीट आठवत नाही. यापुढे काही लिहीत नाही.

उत्तररात्र सर, दोन शंका. एक, बॅकअप घेतला त्या क्षणी प्रॉडक्शनच्या रांगांमध्ये जे अडकलेलं असेल, म्हणजे न गेलेले मेल, आयडॉक (दुसऱ्या सिस्टिमला जाणारे निरोप) वगैरे, ते क्यूएत येऊन पडेल ना? फायरवॉल उघडल्यावर ते निघेल का? दुसरी, बीडीएलएसला किती वेळ लागेल हे मॅनेजरांना कसं सांगू? मागच्या वेळची नोंद कुठेच नाही.

---

उत्तररात्र_बेसिस लिहितात:

पहिल्या शंकेचं उत्तर "हो, निघेल", म्हणूनच फायरवॉल सैल करायच्या आधी झाडलोट. एसओएसटीमधले थांबलेले मेल पुसा. एसएम५८, एसएमक्यू१, एसएमक्यू२ या रांगा रिकाम्या करा. एसएम१३ मधले अर्धवट अपडेट बघा. एसपी०१ मध्ये छपाईची वाट बघणारे स्पूल काढा. आयडॉकमध्ये स्टेटस ३० वाले म्हणजे पाठवायला तयार असलेले. आरएसईओयूटी०० हा प्रोग्राम चालला की ते सुटतात, आणि तो चालवणारा जॉब प्रॉडक्शनमध्ये हमखास असतो. त्यांचं स्टेटस बदलून टाका किंवा तो जॉब मुळातच परत सोडू नका, दोन्ही केलंत तर उत्तम. वर्कफ्लोच्या मेल पाठवणाऱ्या जॉबचंही तसंच.

एसकॉटमध्ये नोड क्यूएचा करून भागत नाही. पत्ता कुठलाही असो, मेल एकाच टेस्टच्या पेटीत जाईल अशी सोय मेल सर्व्हरवर करून घ्या. एका ठिकाणी रिफ्रेश झालेल्या टेस्ट सिस्टिममधून खऱ्या पुरवठादारांना थकबाकीची पत्रं गेलेली मला माहीत आहेत. मजकूर जुना, तारीख त्या दिवशीची. खुलासे करण्यात खरेदी विभागाचा पुढचा सगळा आठवडा गेला.

बीडीएलएसचा वेळ अंदाजाने सांगू नका. तो लॉजिकल सिस्टिमचं नाव असलेली झाडून सगळी टेबलं चाळतो, त्यात फायनान्सची आणि मटेरियलची अवाढव्य टेबलं येतात. त्याला टेस्ट रन आहे. कुठल्या टेबलात किती नोंदी बदलणार हे तो दाखवतो. टेबलांच्या नावांप्रमाणे तुकडे पाडून एकाच वेळी अनेक रन चालवता येतात. आणि एक नाव बदलून भागत नाही. प्रॉडक्शनचं क्यूए करायचं, प्रॉडक्शनच्या बीडब्ल्यूचं टेस्टच्या बीडब्ल्यूचं करायचं, गोदामाचंही. प्रत्येक नावाला वेगळी फेरी. कुठे तात्पुरती जागा मिळत असेल तर प्रॉडक्शनचा बॅकअप आधी तिथे चढवून एकदा पूर्ण सराव करा आणि घड्याळ लावून बसा. मॅनेजरांना तो आकडा द्या. सराव होत नसेल तर सोमवारचा शब्द देऊ नका.

---

कानामात्रा लिहितात:

पगाराच्या मुद्द्याला अजून कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मी ऑडिटच्या बाजूला काम करतो, तेव्हा थोडं कडक वाटेल.

डेटा झाकणं, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटी माहिती भरणं, हे युजर उघडण्याच्या आधीचं काम आहे. "नंतर करू" म्हणजे सल्लागाराने तोवर पगाराचं टेबल उतरवून घेतलेलं असू शकतं. सगळे युजर एसयू१० मधून कुलूपबंद ठेवा, झाकण्याचं काम उरका, मगच क्यूएचे युजर आत आणा.

कुठे काय असतं: मूळ पगार पीए०००८ मध्ये, कर्मचाऱ्यांचे बँक तपशील पीए०००९ मध्ये, ग्राहक आणि पुरवठादारांची नावं बीयूटी००० मध्ये, त्यांचे बँक तपशील बीयूटी०बीके, केएनबीके, एलएफबीके मध्ये, पत्ते एडीआरसी, ईमेल एडीआर६. ईमेलचे पत्ते झाकण्याचा दुहेरी फायदा होतो. वर सरांनी सांगितला तसला प्रकार मग सहसा होत नाही, कारण त्या टेबलात खरा पत्ताच नसतो. पण युजरचे ईमेलही त्याच टेबलात असतात, म्हणून आधी झाकणं आणि मग युजरचा इम्पोर्ट, हा क्रम उलटा करू नका.

लोक मुख्य टेबल झाकतात आणि खुश होतात. जुनी माहिती सीडीपीओएसमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, तशीच पडलेली असते. नाव बीयूटी००० मध्ये बदललं पण शोधासाठी ठेवलेली त्याची प्रत त्याच टेबलात दुसऱ्या फील्डमध्ये आहे. जोडलेल्या पीडीएफमध्ये तर सगळंच स्पष्ट. आधीचे आयडॉक पोटात पत्ते घेऊन बसलेले असतात. जुने आयडॉक आणि अॅटॅचमेंट क्यूएत बहुधा लागतच नाहीत, सरळ काढून टाका.

आणि वाट्टेल ते भरू नका. देश आणि प्रदेश तसेच ठेवा, नाहीतर कर ठरवणारी गणितं चुकतील आणि टेस्टर तुमच्या नावाने दोष नोंदवतील. बऱ्याच देशांत बँक खात्याला तपासणीचा अंक असतो, तिथे तो जुळेल असा खोटा क्रमांक हवा. एकच ग्राहक दोन सिस्टिममध्ये असेल तर दोन्हीकडे खोटं नावही एकच आलं पाहिजे.

पगार झाकून फारसा उपयोग नसेल, म्हणजे क्यूएत पगाराची टेस्टिंग होतच नसेल, तर झाकायच्या भानगडीत न पडता ती टेबलं रिकामी करणं सोपं. एचआरच्या माणसाला विचारून घ्या.

---

कमीत_कमी लिहितो:

थोडा वेगळा सूर लावतो. वरची यादी वाचून कुणालाही वाटेल की क्यूएतली प्रत्येक वस्तू जपायची आहे. दोन वर्षांत क्यूएत जो कचरा साठलाय तो जायलाच हवा. एसएम५९ मधली निम्मी डेस्टिनेशन मेलेली असतात. ती एक्सपोर्ट करून परत आणणं म्हणजे कचरा जपून ठेवणं. आम्ही एक्सपोर्ट सगळ्याचा घेतो, पण परत आणताना ज्याला नावानिशी मालक आहे तेवढंच आणतो. बाकीचं कुणी मागायला आलं तर बघू. बहुतेक येत नाही.

युजरचंही तसंच. सोडून गेलेल्या सल्लागारांची खाती रिफ्रेशनंतर पुन्हा जिवंत कशाला करायची?

आणि हाताने साठ ओळी करण्याऐवजी एसएपीचं पोस्ट कॉपी ऑटोमेशन आहे, तुमच्या लायसन्समध्ये बसतंय का बघा. नसेल तर निदान दरवेळी तीच ती टेबलं एक्सपोर्ट करणारी आर३ट्रान्सची (टेबलं काढून नेणारं एसएपीचं साधन) कंट्रोल फाइल एकदा लिहून ठेवा. पुढच्या वेळी दोन वर्षं वाट बघावी लागणार नाही. रिफ्रेश क्वचित होतो तो अवघड म्हणून, आणि क्वचित होतो म्हणूनच तो अवघड राहतो.

एक सूचना मात्र सगळ्यांना: या उत्साहाच्या भरात कुणी "डेव्हही रिफ्रेश करून टाकू" म्हटलं तर हात धरा. डेव्हमध्ये प्रोग्रामच्या आवृत्त्यांचा इतिहास असतो, तो प्रॉडक्शनमध्ये तसा नसतो. आणि न सोडलेले ट्रान्सपोर्टही जातात.

---

तिसरी_पाळी लिहिते:

सगळं वाचून एक्सेलची उलटापालट केली. आता रिस्टोअरच्या आधीचा भाग नंतरच्या भागापेक्षा मोठा झालाय. ठरवलंय ते असं:

फायरवॉलची विनंती आजच दिली. प्रॉडक्शनच्या रांगेतल्या प्रत्येक ट्रान्सपोर्टला बुधवारपर्यंत मालक, नाहीतर तो परत चढणार नाही. गुरुवारी संध्याकाळी एक्सपोर्ट, शुक्रवारी रात्री बॅकग्राउंड शून्य करून रिकव्हरी. मग जॉब स्थगित, रांगा साफ, बीडीएलएस, डेटा झाकणं, शेवटी युजर आणि ट्रान्सपोर्ट. एचआरने सांगितलं की क्यूएत पगार कुणी तपासत नाही, तेव्हा पीए०००८ रिकामं होणार. तात्पुरता सर्व्हर मिळाला आहे, सराव पुढच्या आठवड्यात. मॅनेजरांना सोमवार दिलेला नाही. सरावानंतर तारीख सांगते म्हटलं. नाराज आहेत, पण पुरवठादारांच्या पत्रांचा किस्सा ऐकवल्यावर गप्प झाले.

गोदामवाले अखेर बोलायला तयार झाले. नंबर रेंज क्यूएत पुढे सरकवून घ्यायची, म्हणजे त्यांच्याकडच्या जुन्या नंबरांशी टक्कर होणार नाही, असं त्यांनीच सुचवलं. चालेल ना?

---

एमएम_एसडी_काका लिहितात:

चालेल. त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा नंबर विचारून घ्या आणि त्याच्या बरंच पुढे न्या. फक्त डिलिव्हरीचं करून थांबू नका. मटेरियल डॉक्युमेंट आणि हँडलिंग युनिटही तिकडे जात असतील.

---

उत्तररात्र_बेसिस लिहितात:

आराखडा बरा आहे, दोन दुरुस्त्या. युजरचा एक्सपोर्ट गुरुवारी घेतलात तर शुक्रवारी दिवसभर झालेले अधिकारांचे बदल जातील. तो शुक्रवारी, युजर कुलूपबंद केल्यावर घ्या. एक्सपोर्टच्या लॉगमध्ये नुसता हिरवा रंग बघू नका. फाइल खरोखर ट्रान्सपोर्ट डिरेक्टरीत पडली का आणि तिचा आकार शून्य नाही ना, ते सर्व्हरवर जाऊन बघा.

दुसरी, जुन्या क्यूएचाही पूर्ण बॅकअप घ्या, तो तुमच्या यादीत दिसत नाही. काहीतरी राहिलंच तर तो कुठेतरी चढवून बघता येतं. पण ते सोपं नसतं, म्हणून एसएम५९, एसट्रस्ट, एसकॉट आणि डब्ल्यूई२० चे स्क्रीनशॉटही काढून ठेवा. पहाटे बॅकअपपेक्षा तेच कामाला येतात. त्या बॅकअपमध्ये झाकलेलं काहीच नसतं, तेव्हा तो कुठे ठेवलाय, कोण उघडू शकतं, कोणत्या तारखेला पुसायचा आणि कुणी, हे चारही रकाने आत्ताच भरा.